फायर अँड ब्लड: टार्गेरियन घराणं नेमकं कुठून पोखरलं गेलं हे सांगणारं पुस्तक

‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ ही सिरियल बघितली, आवडली, आता मूळ पुस्तक घ्यावं का, हा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितोय. घ्याच. पण काय घेताय ते नीट माहीत असू द्या, कारण जॉर्ज आर. आर. मार्टिनचं ‘फायर अँड ब्लड’ ही कादंबरी नाही, हा इतिहासाचा ग्रंथ आहे, फक्त तो इतिहास कधी घडलेलाच नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’सारखं एकेका पात्राच्या डोक्यात शिरून सांगितलेलं काही इथे मिळणार नाही आणि संवादही मोजकेच आहेत. ओल्डटाउनच्या सिटाडेलमधला गिल्डेन नावाचा एक आर्चमेस्टर, म्हणजे तिथला बडा पंडित, जुनी कागदपत्रं समोर ठेवून टार्गेरियन राजघराण्याची हकीकत लिहितोय, असा सगळा थाट आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये आलं, सातशेच्या वर पानं आहेत, आणि एगॉनने वेस्टेरॉस हा (कल्पित) खंड जिंकला तिथपासून तिसऱ्या एगॉनच्या बालपणी कारभारी मंडळाने राज्य चालवलं ते संपेपर्यंत, म्हणजे साधारण १३५ वर्षं त्यात येतात. पुढे कथेतल्या बऱ्याच गोष्टी उघड करणार आहे, ज्यांना कोरं करकरीत वाचायचंय त्यांनी इथेच थांबावं.

मला हा प्रकार का आवडला तर आपल्याला बखरी वाचायची सवय असते. एकच प्रसंग तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी सांगितलेला असतो, एक जण राजाचा माणूस, दुसरा विरोधी पक्षाचा, तिसरा पन्नास वर्षांनी ऐकीव गोष्टींवरून लिहिणारा, आणि खरं काय ते आपणच ताडायचं. इथे अगदी तेच आहे. ड्रॅगनच्या यादवीचा, म्हणजे घराण्यातच गादीसाठी झालेल्या युद्धाचा भाग सांगताना गिल्डेनसमोर मुख्यतः तीन साधनं आहेत. सेप्टन युस्टेस हा राजवाड्यातला पुरोहित, तो जपून लिहितो आणि त्याचा कल हिरव्या पक्षाकडे, म्हणजे राणी ॲलिसेंट आणि तिच्या मुलांच्या बाजूकडे आहे. दरबारचा मुख्य पंडित, ग्रँड मेस्टर मनकनने नंतरच्या काळात लिहिलं, तेही मुख्यतः तुरुंगात पडलेल्या ऑरवाइल या आधीच्या ग्रँड मेस्टरच्या कबुलीजबाबावरून, आणि कैदेत बसून लिहिणारा माणूस स्वतःला वाचवत लिहिणार हे उघड आहे. तिसरा मशरूम, दरबारातला ठेंगू विदूषक. तो मंदबुद्धीचा आहे असं समजून लोक त्याच्यासमोर काहीही बोलायचे आणि त्याने ते सगळं तिखटमीठ लावून सांगून ठेवलंय.

याचा उपयोग कसा होतो त्याचं एकच उदाहरण देतो. राजकन्या रेनिरा आणि तिचा अंगरक्षक क्रिस्टन कोल यांचं बिनसलं, ते का? युस्टेस म्हणतो की कोल तिच्या दालनात गेला, प्रेम कबूल केलं, आपण समुद्रापार पळून जाऊ म्हणाला आणि तिने नाही म्हटलं. मशरूम म्हणतो बरोबर उलटं, तीच त्याच्याकडे गेली होती आणि त्याने तिला झिडकारलं. गिल्डेन दोन्ही समोर ठेवतो आणि पुढे जातो. आता यात गंमत नाही हां, कारण याच कोलने नंतर रेनिराच्या सावत्र भावाच्या डोक्यावर मुकुट ठेवला आणि अख्खं घराणं पेटलं. एवढ्या मोठ्या आगीचं मूळ ज्या रात्रीत आहे ती रात्र आपल्याला कधीच कळत नाही, आणि वाचताना हे इतकं खरं वाटतं की हा कल्पित इतिहास आहे हे विसरायला होतं. सिरियलने आपलं एक उत्तर ठरवून दाखवलं, त्यांना ते करावंच लागणार, पण पुस्तकातली ही अनिश्चितता तिथे गेली.

सुरुवातीचा विजयाचा भाग पटापट जातो. ड्रॅगनवाल्या घराण्यांचं मूळ साम्राज्य असलेल्या व्हॅलिरियाचा नाश व्हायच्या बारा वर्षं आधी डेनिस नावाच्या मुलीला तो स्वप्नात दिसला म्हणून तिचा बाप कुटुंबकबिला घेऊन ड्रॅगनस्टोन बेटावर आला आणि म्हणून फक्त हे एक ड्रॅगनवालं घराणं सत्ता टिकवून वाचलं. मग एगॉन आणि त्याच्या दोन बहिणी, ज्या त्याच्या बायकाही होत्या, व्हिसेन्या आणि रेनिस, तीन ड्रॅगन घेऊन आल्या आणि हॅरन राजाने चाळीस वर्षं खपून बांधलेला हॅरनहॉल एका रात्रीत जाळून टाकला. हे सगळं आपल्याला माहीत असतं. पण मार्टिन जिथे थांबतो ते दक्षिणेच्या डॉर्न या राज्यापाशी. डॉर्नचे लोक मैदानात समोर आलेच नाहीत, किल्ले रिकामे सोडून वाळवंटात निघून गेले, आणि सन १० मध्ये, म्हणजे एगॉनच्या राज्यारोहणापासून मोजून दहाव्या वर्षी (पुढचे सगळे सनही असेच), हेलहोल्टच्या किल्ल्यावरून सुटलेला एक लोखंडी बाण रेनिसच्या ड्रॅगनच्या डोळ्यात घुसला आणि ड्रॅगनसकट राणी पडली. तीन वर्षांनी डॉर्नची राजकन्या त्या ड्रॅगनची कवटी आणि बापाचं एक पत्र घेऊन एगॉनच्या दरबारात आली. एगॉनने ते पत्र सिंहासनावर बसून वाचलं, उठला तेव्हा त्याच्या हातातून रक्त ठिबकत होतं, पत्र जाळलं आणि तह मान्य केला. पत्रात काय होतं? कुणालाच माहीत नाही, गिल्डेनलाही नाही. ज्या घराण्याला कुणी हात लावू शकत नाही असं जगाला वाटत होतं त्याला दुखापत करता येते हे तेराव्या वर्षीच सगळ्यांना दिसलं होतं.

नंतर एनिस, मग क्रूर मेगॉर, तो भाग चांगला आहे पण अपेक्षित आहे, दुबळा राजा आणि त्यानंतर राक्षसी राजा. पुस्तक खरं उभं राहतं ते पहिल्या जेहेरिसपाशी.

हा राजा १४ व्या वर्षी गादीवर आला आणि ५५ वर्षं राज्य केलं. रस्ते बांधले, कायदे एकत्र केले, धर्मपीठाशी तडजोड केली. त्याची राणी ॲलिसॅन, तीही टार्गेरियनच, त्याची सख्खी बहीण, तिने ठिकठिकाणी फक्त बायकांचे दरबार भरवले, तिथे ऐकलेल्या तक्रारींवरून विधवांना सावत्र मुलांनी घराबाहेर काढू नये म्हणून कायदा करून घेतला, आणि लग्नाच्या पहिल्या रात्रीचा जमीनदाराचा हक्क बंद पाडला. नवराबायको दोघं ड्रॅगनवर बसून गावोगाव फिरायचे. वेस्टेरॉसमध्ये याहून चांगला काळ कधीच आला नाही असं सगळे म्हणतात आणि वाचताना आपल्यालाही ते पटतं.

आणि माझ्या मते टार्गेरियनांचा ऱ्हास इथेच सुरू होतो. लोक घराण्याचा शेवटचा राजा, मॅड किंग एरिसकडे बोट दाखवतात, फार तर ड्रॅगनच्या यादवीकडे. पण पुस्तक नीट वाचलं तर कळतं की वाळवी सगळ्यात चांगल्या राजाच्या घरातच लागली होती, आणि ती लागली त्याच्या एका आंधळ्या जागेमुळे, मुलींच्या बाबतीतल्या.

दोघांना तेरा मुलं झाली. त्यातल्या मुलींकडे बघा. डेनेरिस सहा वर्षांची असताना हुडहुडी भरणाऱ्या तापाने गेली. ॲलिसा आणि डेला बाळंतपणात गेल्या, आणि डेला तर इतकी भित्री, हळवी पोर की तिला लग्नाला उभं करायलाच नको होतं, पण ठराविक वयाच्या आत लग्न झालंच पाहिजे असा राजाचा हट्ट. व्हिसेराचं लग्न एका म्हाताऱ्या सरदाराशी ठरवलं, ती त्याआधी एका रात्री शहरात घोड्यांची शर्यत लावून पडली आणि मान मोडून मेली. सेरा बंडखोर निघाली, राजाने तिच्या डोळ्यांदेखत तिच्या प्रियकराला द्वंद्वात मारलं, तिला धर्मपीठात डांबलं, ती पळून गेली ती परत आलीच नाही. मेगेल आजाऱ्यांची सेवा करताना ग्रेस्केल या कातडीच्या रोगाने गेली. सगळ्यात धाकटी गेल फसवली गेली आणि तिने पाण्यात जीव दिला. ॲलिसॅन एकेक मुलगी गमावत जाते आणि हे सगळं गिल्डेन त्याच कोरड्या दफ्तरी सुरात लिहितो, म्हणूनच ते जास्त लागतं. पुस्तकातला हा भाग मला यादवीपेक्षा भारी वाटतो, आणि सिरियल बघून येणाऱ्यांना हा पूर्ण नवीन असेल.

मग सन ९२. युवराज एमन टार्थ बेटावर एका परक्या तिरंदाजाच्या बाणाने मरतो. त्याला एकच मुलगी, रेनिस, लग्न झालेली, पोटात मूल, स्वतःचा ड्रॅगन असलेली, हुशार. जेहेरिस तिला डावलून धाकट्या मुलाला, बेलॉनला वारस नेमतो. तिचा नवरा कॉर्लिस व्हेलेरियन, राज्यातला सगळ्यात श्रीमंत दर्यावर्दी, रागाने राजाच्या मंडळातून उठून जातो. आणि ॲलिसॅन नवऱ्याला सोडून ड्रॅगनस्टोनला निघून जाते, जवळजवळ दोन वर्षं, शेवटी मेगेल मध्ये पडून समेट घडवते. नऊ वर्षांनी बेलॉनही पोटाच्या दुखण्याने गेला. आता म्हाताऱ्या राजाने काय करावं, तर हॅरनहॉलला सगळ्या सरदारांची मोठी सभा बोलावली, हजाराच्या वर लोक आले, आणि बेलॉनचा मुलगा व्हिसेरिस आणि रेनिसचा सात वर्षांचा मुलगा लेनॉर यांच्यात व्हिसेरिस निवडून आला. मुलगी नाही आणि मुलीकडून आलेला मुलगाही नाही, असा दाखला त्या दिवशी पडला. राजाने लढाई टाळली हे खरं, त्याच्या हयातीत एक थेंब रक्त सांडलं नाही. पण व्हिसेरिसला मग काय झालं, तर मुलगी.

व्हिसेरिस हा वाईट माणूस अजिबात नाही. सगळ्यांनी गोडीत राहावं असं मनापासून वाटणारा, कटकट नको असलेला माणूस. घराण्याकडे इतके ड्रॅगन आधी कधी नव्हते आणि नंतरही नाहीत, खजिना भरलेला, शत्रू नाही. पहिली राणी बाळंतपणात गेली तेव्हा त्याने आठ वर्षांच्या रेनिराला वारस केलं, सरदारांकडून शपथा घेतल्या, आणि पुढच्याच वर्षी ॲलिसेंटशी लग्न करून मुलगे जन्माला घातले. ज्या दाखल्यावर तो स्वतः राजा झाला तोच आता त्याच्या मुलीच्या विरोधात उभा राहणार हे त्याने बघायचंच नाकारलं. मार्टिनने हे इंग्लंडच्या इतिहासातून घेतलंय, पहिल्या हेन्रीचा एकुलता एक औरस मुलगा ११२० मध्ये जहाज बुडून गेला, त्याने मुलगी मटिल्डाला वारस केलं, सरदारांनी शपथा घेतल्या, आणि ११३५ मध्ये राजा मरताच भाचा स्टीफनने गादी बळकावली, मग जवळपास वीस वर्षं देश जळत राहिला. आपल्याकडेही घराण्यातल्या दोन गाद्या काय असतात ते सातारा आणि कोल्हापूर म्हटलं की वेगळं सांगायला लागत नाही, त्यामुळे मराठी वाचकाला हा भाग समजायला अजिबात जड जात नाही.

सिरियल बघितलेल्यांनी एक लक्षात ठेवा, पुस्तकात ॲलिसेंट आणि रेनिरा मैत्रिणी नाहीत. ॲलिसेंट तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे, आणि राजा मरताना चुकीचं ऐकण्याचा वगैरे प्रकारही पुस्तकात नाही, तिथे सरळ कट आहे. राजाचं प्रेत बिछान्यात कुजत ठेवून राणीचं मंडळ बंद दाराआड नवा राजा ठरवतं.

यादवीचा भाग म्हणजे सन १२९ ते १३१, तो सलग वाचा. यात मला सगळ्यात जास्त हलवून गेलं ते हॅरनहॉलवरचं डेमन (रेनिराचा नवरा) आणि एमंड (ॲलिसेंटचा मुलगा) यांचं युद्ध नाही, ते थरारक आहेच, डेमन तेरा दिवस एकटा वाट बघतो आणि रोज तिथल्या झाडावर तलवारीचा एक घाव घालतो वगैरे. पण खरा शेवट ड्रॅगनपिटमध्ये होतो. राजधानीत उपाशी, घाबरलेल्या लोकांना एक हात नसलेला भिकारी प्रवचनकार भडकवतो, ड्रॅगन हेच पाप आहे म्हणतो, आणि हजारो साधी माणसं, न्हावी, चांभार, खाटीक, हातात कुऱ्हाडी नि दांडकी घेऊन टेकडीवरच्या त्या घुमटात शिरतात. आत ड्रॅगन साखळ्यांनी बांधलेले. शेकडो माणसं जळून मरतात पण लोंढा थांबत नाही, एकेक ड्रॅगन मारला जातो, ड्रीमफायर साखळ्या तोडून वर उडते आणि घुमटावर आदळून तो सगळाच्या सगळा खाली आणते. बाहेरून रेनिराची ड्रॅगन सायरॅक्स येते, तिच्यावर स्वार व्हायला गेलेला रेनिराचा मुलगा जॉफ्री पडून मरतो, आणि सायरॅक्सही त्या गर्दीत संपते. एका रात्रीत पाच ड्रॅगन. ज्यांच्यापुढे राजे गुडघे टेकत होते ते रयतेने मारले, कारण घराणं आपसात लढण्यात इतकं गुंतलं की रयतेला ते रक्षक न वाटता संकट वाटायला लागलं.

त्यानंतर रेनिराला तिच्या सावत्र भावाने, दुसऱ्या एगॉनने, आपल्या सनफायर ड्रॅगनला खायला घातलं, आणि ते बघायला तिच्या लहान मुलाला, त्याचंही नाव एगॉनच, समोर उभं केलं. हाच पोरगा पुढे तिसरा एगॉन म्हणून राजा होतो. त्याने आधीच एक धक्का खाल्लेला असतो, समुद्रावर शत्रूची जहाजं आली तेव्हा तो आपल्या छोट्या ड्रॅगनला मिठी मारून उडून सुटला आणि धाकटा भाऊ मागे राहिला. तो ड्रॅगनही जखमांनी मेला. या मुलाला ड्रॅगनचा तिटकारा वाटतो यात नवल काय, आणि त्याच्याच काळात, १५३ मध्ये, शेवटचा ड्रॅगन मेला. घराणं त्यानंतरही एकशेतीसेक वर्षं टिकलं, एरिसची गादी घालवणाऱ्या रॉबर्टच्या बंडापर्यंत, पण ज्या जोरावर सगळं होतं तो जोर गेला तो गेलाच.

आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही, जो ऱ्हासाशी थेट जोडलेला नाही पण पुस्तकातला सगळ्यात भयंकर आहे. एरिया नावाची एक पोरगी चिडून बॅलेरियन या सगळ्यात मोठ्या ड्रॅगनवर बसून पळून जाते आणि वर्षभराहून जास्त काळाने परत येते, अंगात प्रचंड ताप, कातडीखाली काहीतरी वळवळतंय, तोंडातून धूर. बर्फाच्या पाण्यात बुडवल्यावर तिच्या आतून ज्या गोष्टी बाहेर आल्या त्यांचं वर्णन सेप्टन बार्थने गुपचूप लिहून ठेवलंय. आणि बॅलेरियनच्या कुशीवर नऊ फूट लांब जखम. ती दोघं उद्ध्वस्त व्हॅलिरियाला जाऊन आली असावीत असा तर्क आहे, पण इतक्या मोठ्या ड्रॅगनला असं फाडणारं तिथे आहे तरी काय, हे मार्टिन सांगत नाही. हा भाग रात्री वाचू नका एवढंच सांगतो.

आता तक्रारी. नावं. एगॉन, एमन, एमंड, एनिस, एरिया, रेनिस, रेना, रेनिरा, आणि प्रत्येक पिढीत पुन्हा तीच. शेवटी वंशावळ आणि राजांची यादी दिलीय, तिथे खूण घालूनच वाचायला बसा. दुसरं म्हणजे यादवी संपल्यावर कारभारी मंडळाचा जो शेवटचा भाग आहे तो लांबलाय, कोण कुणाविरुद्ध कारस्थान करतंय ते लक्षात ठेवायची ताकद तोवर संपलेली असते, तरी लिस शहरातल्या सावकार घराण्याचा भाग आणि राजवाड्यातला (रेड कीप) वेढा वाचनीय आहे आणि अगदी शेवटी १६ वर्षांचा एगॉन कारभाऱ्यांना निरोप देतो ते बोलणं फार सुंदर उतरलंय. तिसरं, अगदी लहान मुलींची लग्नं आणि अत्याचार यात भरपूर आहेत, मशरूमच्या तोंडून आलेलं तर काही ठिकाणी नको वाटतं, घरात मुलांच्या हातात सहज द्यायचं हे पुस्तक नाही. चौथं, ज्यांनी २०१३ ते २०१७ मधल्या संग्रहांतून आलेल्या मार्टिनच्या तीन टार्गेरियन कथा वाचल्यात त्यांना काही भाग ओळखीचा वाटेल, तरी इथे तो बराच वाढवलेला आहे.

घेताना शक्यतो हार्डकव्हर घ्या. डग व्हीटलीची काळी-पांढरी चित्रं सत्तरच्या वर आहेत आणि मोठ्या कागदावर ती बघण्यात मजा आहे, मोबाइलवर काही कळत नाही. इंग्रजी सलग वाचायचा कंटाळा असेल तर सायमन व्हान्सने वाचलेलं ऑडिओबुक आहे, इतिहासकाराचा सूर त्याने छान पकडलाय, पण नावांची अडचण ऐकताना दुप्पट होते, म्हणून वंशावळीचा फोटो काढून जवळ ठेवा. मूळ ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ मालिका वाचलेली नसेल तरी चालतं, फक्त वेस्टेरॉसचा नकाशा माहीत असला की पुरे. हा पहिलाच खंड आहे, घराण्याची उरलेली दीडशे वर्षं दुसऱ्या खंडात यायची आहेत आणि तो अजून आलेला नाही, त्यामुळे एरिसपर्यंतची पूर्ण पडझड हवी असेल तर ती इथे मिळणार नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या कारभारी मंडळाच्या लांबणीसाठी कापलाय.